चौथी कोंबडी



कापसाची शेवटची वेचणी आटोपली की गावात दरवर्षी एक माणूस येतो. कधी त्याच्या पिशवीत सफेद मुसळी असते, कधी कोरफड, मध्ये काही वर्षे इमू होता. कोरडवाहू शेतकऱ्याचे कल्याण करण्याचा त्याने जणू विडाच उचललेला असतो. यंदा त्याच्या पिशवीतून पिंजरे निघाले. गेल्या जिल्हा बैठकीला दोन तालुक्यांचे कार्यकर्ते एकच गुळगुळीत पत्रक घेऊन आले होते. पाच हजार लेअर कोंबड्या, तीन मजली पिंजरे, रोज नगदी अंडी, बँकेचे कर्ज मिळवून देण्याची हमी. खाली बारीक अक्षरात: एका पिंजऱ्यात चार पक्षी.

बैठकीत बोलणे झाले ते कर्जाचे, हप्त्याचे आणि अंड्याच्या भावाचे. मागच्या रांगेत बसलेल्या एका बाईंनी फोटो हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि विचारले, "भाऊ, थे कोंबडी बसते कुठी? दांडी तं कुठीच दिसत नाही." सगळे हसले. आम्हीही हसलो. ज्याने कोंबडी हाताळली त्यालाच सुचेल असा हा प्रश्न. त्याचे उत्तर आम्हाला कॉलेजात शिकवलेले असूनही त्या दिवशी आम्ही दिले नाही. ते आज देत आहोत, आणि त्याबरोबर एक कबुलीही.

कबुली आधी. शेतकीची पदवी घेऊन आम्ही नवे नवे बाहेर पडलो तेव्हा एका फार्मवर सल्ला द्यायला जात होतो. मालक आपल्यासारखाच, कर्ज काढून उभा राहिलेला. तीन कोंबड्यांच्या पिंजऱ्यात चौथी घातली तर शेड तेच, पाणी तेच, मजूर तेच, अंडी मात्र जास्त, असा हिशेब आम्ही त्याला पाटीवर मांडून दाखवला. त्याने आमचे ऐकले. आठ-नऊ महिन्यांनी गेलो तेव्हा पिंजऱ्यातल्या कोंबड्यांच्या मानेवर पीस राहिले नव्हते. काही पायावर उभ्याच राहत नव्हत्या. मालक आम्हाला काही बोलला नाही. चहा दिला. त्या चहाची आठवण अजून जात नाही.

म्हणून पिंजरा म्हणजे काय ते नीट पाहू.

हे पत्रक तुमच्या हातात आहे. त्याचा कागद साधा ए-४ आकाराचा, म्हणजे सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटर. आपल्या देशात लेअर कोंबडीला बऱ्याच काळापासून ४५० चौरस सेंटिमीटरच्या आसपास जागा देण्याची रीत आहे, म्हणजे या कागदाचा पाऊण भाग. १५ इंच रुंद आणि १२ इंच आत गेलेल्या पिंजऱ्यात तीन कोंबड्या ठेवल्या तर एकीच्या वाट्याला ६० चौरस इंच येतात, साधारण ३८७ चौरस सेंटिमीटर. चौथी घातली की २९०. कागदाची घडी घालून त्यावर हात ठेवून पाहा. तेवढ्यात तिने वर्ष-सव्वा वर्ष उभे राहायचे, खायचे, झोपायचे आणि अंडी द्यायची.

कोंबडीला जागा किती लागते, हे कोणी मोजले आहे का? मोजले आहे. १९८९ मध्ये इंग्लंडमधल्या डॉकिन्स आणि हार्डी या दोघींनी कोंबड्यांचे वरून फोटो घेतले आणि प्रत्येक हालचालीला किती जमीन व्यापली जाते ते मोजले. नुसती उभी राहिली तर सरासरी ४७५ चौरस सेंटिमीटर. एक पंख ताणायला ८९३. पिसे चोचीने साफ करायला ११५१. जागच्या जागी वळायला १२७२. आपल्या ३८७ किंवा २९०शी हे आकडे ताडून पाहा. पिंजऱ्यातल्या कोंबड्या उभ्या राहतात त्या एकमेकींत रुतून. एक वळली की बाकीच्यांना सरकावे लागते.

आता कोणी म्हणेल, कोंबडीला वळून जायचे कुठे आहे? खाणे समोर, पाणी समोर. हा प्रश्न आम्हीही एके काळी विचारायचो. त्याचे उत्तर तिच्या हाडांत आहे.

एका अंड्याच्या कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते, आणि कोंबडीच्या सगळ्या अंगात मिळून असते वीसेक ग्रॅम. म्हणजे रोज अंडे देणारी कोंबडी आपल्या अंगातल्या साठ्याच्या दहाव्या हिश्शाइतके कॅल्शियम रोज बाहेर टाकते. कवच मुख्यतः रात्री तयार होते. तेव्हा पोट रिकामे होत आलेले असते, म्हणून ती हाडातून उसने घेते आणि दिवसा खाद्यातून परत भरते. हाड ही तिची तिजोरी. पण हाड बळकट राहते ते वापराने: चालण्याने, उडी मारण्याने, दांडीवर चढण्याने. बैल वर्षभर गोठ्यात बांधून ठेवला तर पेरणीला उभा राहील काय? पिंजऱ्यात चालणे नाही, चढणे नाही. तिजोरीतून काढणे चालू आणि भरणे अर्धवट. शेवटी एखादी तरणीताठी दिसणारी, कालपर्यंत अंडे दिलेली कोंबडी पिंजऱ्याच्या तळाशी बसते आणि उठत नाही. 'केज लेअर फटीग' असे नाव देऊन पुस्तकांनी हा आजार अर्ध्या शतकाहून अधिक काळ नोंदवला आहे. आजाराच्या नावातच पिंजरा आहे, यावरून काय ते समजा. ब्रिटनमध्ये ग्रेगरी आणि विल्किन्स यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अंडी देऊन संपलेल्या पिंजऱ्यातल्या कोंबड्यांपैकी २९ टक्क्यांची एक तरी हाड कत्तलीच्या आधीच मोडलेले आढळले. त्याचे एक कारण पिंजऱ्याचे दारही होते. अरुंद दारातून एक पाय धरून ओढली की ठिसूळ हाड कडकन तुटते.

म्हणजे पिंजरा नुसता लहान-मोठा नसतो. त्याची प्रत्येक तार कोंबडीच्या अंगावर काही तरी लिहीत असते.

तळ घ्या. अंडे घरंगळून पुढे यावे म्हणून तळाला उतार देतात. उतार जास्त दिला तर अंडे पटकन बाहेर येते, तुडवले जात नाही, पण कोंबडी जन्मभर उतरणीवर उभी राहते आणि पंजाला फोड येतात. साध्या पिंजऱ्यांसाठी युरोपच्या नियमात हा उतार १४ टक्क्यांहून जास्त चालत नव्हता, म्हणजे १२ इंच आत गेलेल्या पिंजऱ्याला जेमतेम १.७ इंच. तार फार बारीक असेल तर पंजात रुतते. जुन्या तारेचा जस्ताचा मुलामा गेला की ती गंजून करवतीसारखी होते. उकरायला माती नाही म्हणून नखे झिजत नाहीत, वाढत जातात, तारेत अडकतात. अडकलेली कोंबडी तिथेच उपाशी मरते. मजुराने वरचा मजला रोज नीट पाहिला नाही तर दोन दिवस कळतही नाही.

पुढची जाळी घ्या. उभ्या गजांतून मान घालून-काढून मानेची पिसे जातात. स्वीडनमध्ये राग्नार टाउसन या शास्त्रज्ञाने पिंजऱ्याच्या अशा बारकाव्यांवर वर्षानुवर्षे काम केले. समोरचे गज आडवे ठेवले आणि बाजूला तारेऐवजी सलग पत्रा लावला तर पिसे टिकतात, नखे झिजायला खरखरीत पट्टी लावली तर नखे वाढत नाहीत, असे त्यातून दिसले. यातले काही फार महाग नाही. पिसे गेलेली कोंबडी अंग गरम ठेवायला जास्त खाते. थंडीतल्या रात्री ते खाद्य तुमच्या खिशातून जाते.

आणि रुंदी. तेवढ्याच जागेचा पिंजरा अरुंद-खोल बांधला की एका वेळी दोघीच पन्हळीला लागतात. दुबळी मागे राहते आणि आणखी दुबळी होते. रुंद आणि उथळ बांधला तर सगळ्या एकदम खातात, शिवाय अंड्याला घरंगळायचे अंतर कमी म्हणून तडकही कमी. लोखंड जवळपास तेवढेच. फरक पडतो तो फक्त कोंबडी ओळखणाऱ्याने बांधला की लोखंड विकणाऱ्याने बांधला याचा.

आपल्याकडे याहून मोठी गोष्ट म्हणजे ऊन. पिंजऱ्याचे बरेचसे शास्त्र थंड मुलुखात लिहिले गेले. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. कोंबडीला घाम येत नाही. ती पंख अंगापासून दूर धरते, धापा टाकते, गार जमीन शोधून पोट टेकते. अंगणातली कोंबडी रांजणाखालच्या ओल्या मातीत कशी बसते ते तुम्ही पाहिले आहे. पिंजऱ्यातलीला पंख दूर धरायला जागा नाही, माती नाही, आणि दोन्ही बाजूंना दुसऱ्या कोंबडीचे गरम अंग. वरच्या मजल्यावर डोक्यावर पत्रा. धापेने रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवच पातळ होते. ती जगली तरी अंडी फुटकी येतात. अशा उन्हात चौथी कोंबडी नुसती जागा खात नाही, उरलेल्या तिघींना तापवते. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, पत्र्याला चुना लावा. वर पऱ्हाटी किंवा कडबा टाकून पाणी मारण्याचा उपाय चांगला आहे, पण वायरिंग आधी तपासा. वाळलेली पऱ्हाटी आणि उघडी वायर यांचे पुढे काय होते ते सांगायला नको.

एवढे ऐकून कोणी म्हणेल की पिंजराच वाईट, मोकळी सोडा. आम्ही इतके सोपे सांगणार नाही. पिंजऱ्यात कोंबडी आपल्या विष्ठेपासून वर राहते, म्हणून रक्ती हगवण आणि जंत कमी. मुंगूस, बोका, घार यांच्यापासून ती सुटते. गादीवर किंवा मोकळ्या शेडमध्ये हजारो कोंबड्या एकत्र ठेवल्या की एकमेकींना टोचून मारण्याचा रोग लागतो, आणि बहुमजली मोकळ्या शेडांत दांड्यांवरून पडून-आपटून छातीचे हाड मोडण्याचे प्रमाण पिंजऱ्याहून जास्त दिसले आहे. स्वित्झर्लंडने साधे पिंजरे १९९२ पर्यंत मोडीत काढले. युरोपीय संघाने १९९९ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०१२ पासून साधा पिंजरा बंद केला. पण त्यांनीही एक प्रकारचा पिंजरा ठेवला: कोंबडीमागे किमान ७५० चौरस सेंटिमीटर, अंडे घालायला आडोसा, उकरायला थोडी जागा आणि बसायला दांडी. बाई, तुमची दांडी तिकडच्या कायद्यात आहे, प्रत्येक कोंबडीमागे १५ सेंटिमीटर.

आडोशाचेही तसेच. अंडे घालायच्या आधी गावची कोंबडी काय करते? कण्हत फिरते, कणगीमागे जाते, कडब्याच्या गंजीत शिरते, अंधारा कोपरा धरते. ही सवय हजारो पिढ्यांची आहे, पिंजऱ्यात घातली म्हणून जात नाही. पिंजऱ्यातली कोंबडीही त्या वेळी तारेला धडका देत येरझाऱ्या घालू पाहते, आणि जागा नसल्याने शेजारणीला तुडवते. रोज, प्रत्येक अंड्याला.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. १९६५ मध्ये इंग्लंडच्या सरकारने नेमलेल्या ब्रॅम्बेल समितीने पिंजऱ्यातल्या जनावरांसाठी पुष्कळ चांगले सुचवले. प्रत्येक जनावराला उठता, बसता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत, हे त्यांनीच प्रथम सरकारी कागदावर आणले. पण तळासाठी बारीक षटकोनी जाळी वापरू नये, जाड तारेची चौकोनी बरी, असेही त्यांनी ठरवले. विद्वानांना ती जाड तार कोंबडीच्या पायाला सुखाची वाटली. १९७३ मध्ये ह्यूज आणि ब्लॅक या दोघांनी कोंबड्यांना दोन्ही तळ देऊन निवड करू दिली. कोंबड्यांनी समितीने नाकारलेली षटकोनी जाळी पसंत केली! तिच्यावर पंजाला जास्त ठिकाणी आधार मिळत होता.

कापसाचा उत्पादन खर्च दिल्लीच्या खोलीत बसून ठरवणाऱ्या समित्या आपण पाहिल्या आहेत. ज्याच्या पायाखाली तार आहे त्याला विचारायचे नाही, ही खोड फक्त इकडची नाही.

आता हिशेबाकडे. पुढचे आकडे उदाहरणाचे आहेत, आपापले भाव घालून करून पाहा. समजा तीन कोंबड्या वर्षाला प्रत्येकी ३०० अंडी देतात, एकूण ९००. चौथी घातल्यावर गर्दीने प्रत्येकीची २८० झाली, एकूण १,१२०. पिंजऱ्यामागे २२० अंडी वाढली. विक्रेता इथेच थांबतो, आम्हीही पाटीवर इथेच थांबलो होतो. पण चौथी रोज ११० ग्रॅम खाते, वर्षाला ४० किलो. खाद्य २८ रुपये किलो धरले तर १,१२० रुपये. अंडे ५ रुपयांनी गेले तर २२० अंड्यांचे १,१००. खाद्यही फिटले नाही. तलंगेची किंमत, औषध आणि जास्तीची मर वेगळीच. अंडे ६ रुपयांनी गेले तर १,३२०, म्हणजे दोनशे रुपये सुटले, तेही तलंगेच्या किमतीत जातील. गर्दीने अंडी याहून कमी घटली, किंवा भाव चढा राहिला, तर चौथी पैसे देते. हे लपवण्यात अर्थ नाही. ती पैसे देते म्हणूनच मोठे फार्म ती घालतात. पण मोठ्याला दहा मंदीच्या महिन्यांनंतर तेजीचे दोन महिने पुरतात. हप्ता डोक्यावर असलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला मंदीच आधी गाठते.

शहरातली मंडळी कोंबडीच्या हालांवर बोलतात तेव्हा आपल्यातले काही चिडतात. त्यांना अंडे स्वस्तही हवे आणि कोंबडी सुखीही हवी, मग फरकाचे पैसे कोण देणार, असे विचारतात. प्रश्न रास्त आहे. अंडे उत्पादकांनी १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी करून भाव स्वतः जाहीर करायला सुरुवात केली, ती याच दुखण्यातून. पण आमचे मत स्पष्ट सांगतो: आम्हाला भाव मिळत नाही हे कोंबडीचा पाय मोडण्याचे कारण होऊ शकते, समर्थन होऊ शकत नाही. भावाचे भांडण माणसांशी आहे. ते पिंजऱ्यातल्या जनावराकडून वसूल करायचे नसते.

कायदाही आता पूर्वीसारखा गप्प नाही. हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात जनावर ठेवणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे पहिल्यापासून गुन्हा आहे, फक्त 'पुरेशी' म्हणजे किती ते लिहिलेले नव्हते. २०१७ मध्ये विधी आयोगाने आपल्या २६९व्या अहवालात लेअर कोंबड्यांचा प्रश्न घेतला, आणि २०२३ मध्ये केंद्राच्या नियमांत कोंबडीमागे ५५० चौरस सेंटिमीटर आले. वळायला लागणाऱ्या जागेच्या निम्म्याहूनही हे कमी, पण आकडा तरी आला. जुन्या फार्मांना बदलायला मुदत आहे. ज्यांना बदलायचे आहे त्यांचे जुने पिंजरे कुठे जाणार, याचा विचार करा. ते भंगाराच्या भावाला थोडे वर लावून 'स्टार्टर युनिट' म्हणून आपल्या गावात येऊ शकतात. तो १५ बाय १२चा पिंजरा या नियमाने तिघींचाही नाही, दोघींचा आहे. १५ बाय १८चा तिघींचा. पत्रकातल्या पाच हजार कोंबड्या त्याच लोखंडात किती उरतात, आणि हप्ता किती कोंबड्यांवर बसतो, हे कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी पाहायचे आहे.

जाता जाता खाद्याचे. पावसात भिजून काळी पडलेली आपली खरीप ज्वारी कोंबडीखाद्याला जाते हे सगळ्यांना माहीत आहे. स्वतःचे खाद्य करणार असाल तर बुरशी धरलेली ज्वारी टाकू नका, आणि घरची आहे म्हणून सरकीची पेंड वाढवू नका. सरकीतल्या गॉसिपॉलने साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-करडा पडतो आणि गिऱ्हाईक अंडे परत आणून देते. शिंपल्याचा किंवा चुनखडीचा जाडसर खडा मात्र संध्याकाळी जरूर द्या, म्हणजे रात्री कवचाला हाडातून कमी उसने घ्यावे लागेल.

पाच हजारांचा बेत ज्यांनी केलाच आहे त्यांना आम्ही अडवत नाही. ज्यांच्या घरी दहा-पंधरा कोंबड्या आहेत आणि त्यावर घरातल्या बाईची मीठ-मिरची सुटते, त्यांनी ती मोडून पिंजऱ्याकडे पळू नये एवढे म्हणतो. मानमोडीची लस वेळेवर टोचा, मुंगसासाठी खुराड्याचे दार नीट करा. त्या धंद्याला हप्ता नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला ज्यांच्याकडे पिंजऱ्याचे कोटेशन आले असेल त्यांनी ते घेऊन यावे. टेप आम्ही आणू. विक्रेत्यालाही बोलावले आहे. येतो म्हणाला आहे. दांडीचा प्रश्न बाईंनी त्यालाच विचारावा, पहिल्या रांगेत बसून.